पासवर्ड जागचा हलत नाही

सकाळी ऑफिसात एकदा पासवर्ड टाकला की फाइल उघडा, मेल बघा, प्रिंट काढा, दिवसभर कुणी पुन्हा विचारत नाही. "मग हे सुरक्षित कसं रे?" बडोद्याच्या आमच्या आत्याने विचारलं. तिचे स्वतःचे सगळे पासवर्ड कालनिर्णयच्या मागे लिहिलेले असतात, पण प्रश्न अगदी नेमका होता.

बऱ्याच कंपन्यांत यामागे कर्बेरॉस नावाची पद्धत असते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या 'प्रोजेक्ट अथेना'त, १९८० च्या दशकात ती तयार झाली. विद्यार्थी कुठल्याही संगणकावर बसणार, तारेवरून जाणारा मजकूर कुणीही टिपू शकणार. तेव्हा पासवर्ड तारेवर पाठवायचाच नाही, असं ठरलं. नाव ग्रीक पुराणातल्या, पाताळाच्या दारावर बसणाऱ्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचं. (आपल्या यमाकडे दोन कुत्रे आहेत, पण ते असो.)

तुमचा संगणक पासवर्डपासून एक किल्ली बनवतो आणि तिने आत्ताची वेळ कुलूपबंद करून मुख्य सर्व्हरकडे पाठवतो. त्याच्याकडेही तीच किल्ली असते. कुलूप उघडलं, म्हणजे माणूस खरा. मग तो तिकीट देतो, विंडोजच्या नेटवर्कमध्ये सहसा १० तासांचं. प्रिंट काढायची? हे तिकीट दाखवून प्रिंट सर्व्हरपुरतं दुसरं तिकीट घ्यायचं, जे त्या सर्व्हरच्याच किल्लीने उघडतं. त्याला तुमचा पासवर्ड कधी कळतच नाही.

इथपर्यंत हे गरब्याच्या पाससारखं वाटेल. पण गरब्याचा पास मैत्रिणीला देता येतो. इथे नुसतं तिकीट चोरून भागत नाही. सोबत मिळालेल्या तात्पुरत्या किल्लीने दर वेळी ताजी वेळ कुलूपबंद करून द्यावी लागते. म्हणून घड्याळं जुळावी लागतात, सहसा ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. एकदा आमच्या ऑफिसात लिनक्सवरच्या एका फाइल सर्व्हरचं घड्याळ मागे पडलं आणि अख्खा विभाग सकाळभर फायलींविना बसला. लोक बिचारे पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून बघत होते. दुखणं भलतीकडेच!

खरी धास्ती मुख्य सर्व्हरची. सगळ्यांच्या किल्ल्या तिथेच. तो फुटला तर चोर हव्या त्या नावाचं तिकीट स्वतःच छापतो. या हल्ल्याला 'गोल्डन तिकीट' म्हणतात. आणि किल्ली बनते पासवर्डपासूनच. पासवर्ड म्हणजे मुलीचं नाव आणि जन्मसाल असेल, तर तारेवरची ती कुलूपबंद वेळ टिपून चोर घरी निवांत बसून एकेक अंदाज लावून बघू शकतो.