उधारीचं पोतं आणि उद्याची पोरं

'उधारीचं पोतं सव्वा हात रितं' ही म्हण निपाणी-बेळगावच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पीक शेतात उभं असतानाच उचल घेतली, की माल हाती आल्यावर हिशेब कसा बसतो, हे तंबाखू आणि ऊस पिकवणाऱ्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं आहे. पेठेत ऐकलेली ही म्हण मला मात्र फुटबॉलच्या निमित्तानं पुन्हा आठवली.

आमच्या गल्लीचं एक लहानसं मंडळ आहे. गणपती बसतो, शिवजयंती होते आणि वर्षभर फुटबॉलचा एक संघ चालतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर जमाखर्चाची वही माझ्याकडे आली. शिक्षक म्हटला की हिशेब चोख असणार, हा आपल्याकडचा जुना समज! त्या वहीत एक पान उन्हाळी शिबिराचं आहे. बारा ते पंधरा वयाच्या पोरांना दीड महिना सकाळी शिकवायचं, चेंडू आणायचे, ज्यांच्याकडे बूट नाहीत त्यांना बूट घ्यायचे, यासाठी दरवर्षी वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला पडते.

त्या वर्षी बैठकीत एक प्रस्ताव आला. शिबिराचे या वर्षाचे पैसे आणि पुढच्या वर्षाचेही आगाऊ उचलून तीन तयार खेळाडू बाहेरून आणायचे. त्यांचा प्रवास, राहणं, जेवण आणि सामन्यागणिक मानधन त्यातून भागवायचं. एकदा चषक गल्लीत आला की देणगीदार आपोआप येतील, मग शिबिर काय, दुप्पट मोठं घेऊ.

प्रस्ताव मांडणारा आमचा कप्तान माझाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, सलग चार वर्षं आम्ही उपांत्य फेरीत हरतोय. माझं वय अठ्ठावीस झालं. पोरं उद्या मोठी होतील, खेळतील, सगळं खरं. पण आम्ही कधी जिंकायचं?"

या प्रश्नाला चटकन उत्तर देता येईना. पावसात, चिखलात, नोकरी सांभाळून दहा वर्षं जो खेळला त्यालाही आपला एक दिवस हवा असतो. त्याला आपमतलबी म्हणणं मला पटत नाही. निर्णय पुढच्या रविवारवर गेला.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. तो टिळकवाडीत वाढलेला, आता मिनेसोटात असतो. मी गल्लीतली भानगड सांगितली तर तो हसायलाच लागला. "मामा, इथं तर याच प्रश्नावर लोक वर्षभर भांडतात!"

त्यांचा फुटबॉल आपला नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, हातानं फेकाफेक. पण त्यांची एक रीत समजून घेण्यासारखी आहे. तिथं ३२ संघ आहेत आणि दरवर्षी महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंना हे संघ सात फेऱ्यांत पाळीपाळीनं निवडतात. त्याला ते 'ड्राफ्ट' म्हणतात. मागच्या हंगामात जो सर्वांत तळाला, त्याला पहिली निवड. म्हणजे पंगतीत शेवटी बसलेल्याला पुढच्या वेळी पहिलं वाढायचं. या निवडीच्या हक्काचा सौदाही करता येतो. 'पुढच्या दोन वर्षांच्या आमच्या पहिल्या निवडी तुम्ही घ्या, तुमचा आजचा तयार खेळाडू आम्हाला द्या,' असा व्यवहार चालतो. म्हणजे ज्या पोराचं नाव अजून कुणाला ठाऊक नाही, त्याला आजच विकायचं.

आमच्या सौ. माहेरच्या गोकाकच्या. हे सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "कूसु हुट्टुव मुंचे कुलावि!" बाळ जन्मायच्या आधीच कुंची शिवण्याचा प्रकार. मराठीत आपण 'बाजारात तुरी' म्हणतो तेच.

त्यांच्या बोलण्यातही तथ्य आहे. ही निवड १९३६ साली सुरू झाली, तेव्हा सर्वांत पहिला निवडला गेलेला जे बर्वँगर हा खेळाडू व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. उलट २००० साली टॉम ब्रेडी १९९व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढं त्यानं सात अजिंक्यपदं जिंकली. उद्याच्या पोराची किंमत आज कुणालाच नेमकी सांगता येत नाही. म्हणूनच 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?' म्हणणाऱ्याला एकदम खोटं पाडता येत नाही.

भाच्याच्या कचेरीतली जुनी माणसं १९८९ सालची गोष्ट अजून काढतात म्हणे. मिनेसोटाच्या व्हायकिंग्स संघाला वाटलं, आपण विजेतेपदापासून एका खेळाडूच्या अंतरावर आहोत. त्यांनी डॅलस काउबॉइजकडून हर्शेल वॉकर हा नामांकित धावपटू घेतला आणि बदल्यात पाच खेळाडू व पुढच्या वर्षांचे अनेक निवडीचे हक्क दिले. डॅलसनं त्या हंगामात १६ पैकी एकच सामना जिंकला. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पण त्यांनी ते हक्क वापरले, काही पुन्हा बदलून घेतले, त्यातून एमिट स्मिथसारखे खेळाडू उभे केले आणि १९९२, १९९३ व १९९५ या हंगामांचं अजिंक्यपद पटकावलं. व्हायकिंग्स वॉकरला घेऊन अंतिम सामन्यापर्यंतही पोहोचले नाहीत.

एवढ्यावर थांबलो असतो तर माझं काम सोपं होतं. पण भाच्यानं दुसरी गोष्टही सांगितली. २०२१ साली लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघानं मॅथ्यू स्टॅफर्ड या अनुभवी खेळाडूसाठी डेट्रॉईट लायन्सला दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी, एक तिसऱ्या फेरीची निवड आणि आपला जॅरेड गॉफ हा खेळाडू दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रॅम्स अजिंक्य ठरले. उधारीचं पोतं भरलेलं निघालं! पुढच्या हंगामात मात्र ते १७ पैकी पाचच सामने जिंकू शकले. आणि जानेवारी २०२४ मध्ये बाद फेरीत त्यांची गाठ पडली ती नेमकी डेट्रॉईटशी. डेट्रॉईटनं त्याच गॉफला घेऊन त्यांना २४-२३ असं एका गुणानं हरवलं.

मग खरं काय? मला दिसलं ते असं. रॅम्सकडे घर बांधून तयार होतं, दाराला कडी तेवढी नव्हती. त्यांनी महाग कडी आणली आणि ती कामी आली. व्हायकिंग्सनं कडीच्या किमतीत पुढच्या खोल्यांचा पायाच देऊन टाकला. बाहेरून मदत घेणं वाईट नाही. ती कशासाठी घेतो आणि तिची किंमत कोण फेडणार, हे आधी बघायला हवं.

अमेरिका लांब राहिली. आपल्या आसपास काय झालं? इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली तेव्हा पुण्याच्या संघानं फ्रान्सचा विश्वविजेता खेळाडू दाविद त्रेझेगे आणला. पुढंही मोठी नावं येत राहिली. उपांत्य फेरी मात्र २०१७-१८च्या हंगामात पहिल्यांदा दिसली आणि २०१९ साली तो संघच बंद झाला. नावं आली, गाजली आणि गेली.

चोर्ला घाट उतरलं की गोवा. तिथल्या धेंपो क्लबनं २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. आर्मांदो कुलासो यांच्या त्या संघात रँटी मार्टिन्स हा नायजेरियाचा आणि बेटो हा ब्राझीलचा, असे बाहेरचे खेळाडू होतेच आणि त्यांनी गोलही भरपूर केले. पण त्यांच्या मागं-पुढं क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स अशी गोव्याचीच माणसं उभी होती. जेवणात मीठ बाहेरून आणलं तरी भात घरचा होता.

आणि कोल्हापूर? निपाणीकरांना ते आपलंच. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ या नावांवर तिथं घराघरांत तट पडतात. शाहू स्टेडियमवर अंतिम सामना असला की पेठा ओस पडतात. तिथल्या तालमींनीही बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडू उतरवले. गर्दी वाढली, खेळाचा वेगही वाढला, हे मान्य करायला हवं. पण याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, तेव्हा अख्ख्या जिल्ह्याची मान उंचावली. तो तयार मिळालेला खेळाडू नव्हता. त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा कुणीतरी त्याला शिकवलं होतं.

आपल्याकडे निवडपद्धत आली तीही वेगळ्या तऱ्हेनं. २०१७ साली मुंबईत खेळाडूंची निवड झाली तेव्हा नव्या जमशेदपूर संघानं पहिल्या पाळीत अनस एडाथोडिका हा केरळचा बचावपटू एक कोटी दहा लाखांना घेतला. म्हणजे निवड झाली ती पिकलेल्या फळांची. रोपं लावायचं काम गल्लीतल्या मंडळांनी आणि शाळांनीच करायचं. अमेरिकेत आज सगळं विकलं तरी चार-दोन वर्षांनी तुमची पाळी पुन्हा येते. आमच्या मंडळाला कुठली पाळी? शिबिर दोन वर्षं बंद पडलं, तर बाराचा पोरगा चौदाचा होतो आणि क्रिकेटकडे, मोबाईलकडे नाहीतर शिकवणीकडे निघून जातो. तो परत येत नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी मी मैदानावर जाऊन बसलो. एकवीस पोरं होती. त्यातला एक चौदा वर्षांचा, आईशी कन्नडमध्ये, वडिलांशी मराठीत आणि मैदानावर दोन्हीत बोलणारा. "बॉल कोडो, बॉल कोडो! अरे दे ना लवकर!" आपल्याकडे बॉल मागायला दोन भाषा लागतात, पण कुणाला समजला नाही असं होत नाही. तो ज्या जागी खेळतो तीच जागा बाहेरून भरायचं चाललं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. सौदा ज्यांच्या जिवावर होणार, त्यांतला एकही बैठकीला येणार नव्हता. मला खरी खटकली ती ही गोष्ट.

रविवारी बैठक रात्री साडेअकरापर्यंत चालली. शेवटी ठरलं असं, की शिबिराच्या पैशाला हात लावायचा नाही. आमच्याकडे अनुभवी गोलरक्षक नव्हता, ही उणीव खरी होती. म्हणून चालू वर्गणीतून एकच गोलरक्षक बाहेरून आणायचा आणि त्यानं दर रविवारी सकाळी आमच्या दोन लहान गोलरक्षकांना शिकवायचं, अशी अट घालायची. कप्तान गप्प होता. मग म्हणाला, "चालेल सर. पण हरलो तर आम्हाला बोलायचं नाही."

आम्ही हरलो. पुन्हा उपांत्य फेरीतच, पेनल्टीवर. त्या हंगामानंतर कप्तानानं गुडघ्यामुळं खेळणं सोडलं. त्याला चषक मिळाला नाही, आणि हे मला गोड करून सांगायचं नाही. तिघं आले असते तर कदाचित मिळाला असता. आजच्या माणसालाही किंमत मोजावी लागते, हे उद्याच्या बाजूनं बोलणाऱ्यानं विसरू नये. आता तो शिबिरात शिकवतो, तेही मी सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःहून. मानधनाचं पाकीट दिलं तर आधी त्यातून चेंडू आणतो.

हा प्रश्न फुटबॉलपुरता आहे असं मला वाटत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम लग्नाच्या मांडवात घालायची का, जमिनीचा तुकडा विकून गाडी घ्यायची का, असे सौदे आपल्या घरांतही होतात. कधी ते करावेही लागतात. आजारपण आलं तर बियाणाची ज्वारीसुद्धा दळावी लागते, त्याला इलाज नसतो. पण हौसेसाठी बियाणं दळत असू, तर ज्याच्या वाट्याचं दळतो त्याला एकदा समोर बसवून विचारावं.

आपल्या गल्लीतलं मंडळ यंदा बाहेरून कुणाला आणणार असेल तर जरूर आणा. सेंट पॉल्सच्या मैदानावर फादर एडी स्मृती स्पर्धेत खेळलेली शाळकरी पोरं पुढं कुठं जातात, तेही एकदा पाहा. आणि पैसे कुठल्या पानावरचे काढताय, ते वही उघडून बघा. त्या पानावर बारा वर्षांच्या पोराचं नाव असेल, तर पान उलटा आणि दुसरीकडून सोय करा.