माणिकबागेतली लाकडी खुर्ची

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकारंभी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग राजवाडा उभारून घेतला.

त्याच्या सजावटीत आयलीन ग्रे यांची ‘ट्रान्सॅट’ खुर्ची होती. जहाजाच्या डेकवरील आरामखुर्चीवरून तिची कल्पना सुचली होती. उघडी लाकडी चौकट, धातूचे सांधे, झोळीसारखी बैठक. कोरीव नक्षी मुळीच नाही. दरबारी थाटाला सरावलेल्या डोळ्यांना हा साधेपणा नवाच असणार.

१९८० मध्ये मोनॅकोतील सदबीजच्या लिलावात माणिकबागेचे बरेच फर्निचर विकले गेले. राजवाड्यात पुढे कर खात्याची कचेरी आली.

मराठी राजघराण्यांचा इतिहास गडकोट आणि तलवारींपाशीच थांबवला, तर त्यातला हा आधुनिक अध्याय परक्यांच्या संग्रहातच शोधावा लागेल.