अकरा फॉर्म

अगं,

तुझं पत्र आलं तेव्हा मी एक नकाशा तपासत बसले होते. रांगोळीचा! म्हणजे रांगोळी केव्हाच कुणाच्या तरी पायांनी गेली, मोबाइलमधला फोटो तेवढा उरलाय. तुला सांगते, या सत्रात मला 'समुदायाधारित संशोधन' हा विषय शिकवायला दिलाय. हसू नकोस. हो, मलाच.

पहिल्या तासाला मी फळ्यावर देव मांडले: पावलो फ्रेरी, फाल्स बोर्डा, आपल्याकडचे राजेश टंडन आणि त्यांनी १९८२ साली उभी केलेली 'प्रिया' ही संस्था. 'संशोधन लोकांवर करायचं नाही, लोकांसोबत करायचं' याखाली पोरांनी दोन-दोन रेघा मारल्या. आणि पुढच्या आठवड्यात चौसष्ट प्रश्नांची प्रश्नावली घेऊन हजर!

मग मी त्यांना फ्रेरीवरून थेट पुण्यात आणलं. एसएनडीटीच्या प्रौढशिक्षण विभागातल्या बायका कचरावेचकांना शिकवायला गेल्या, त्यांच्याबरोबर कचरा वेचत हिंडल्या, आणि १९९३ साली बाबा आढावांच्या साथीनं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पुढं २००८ मध्ये वेचकांचीच सहकारी संस्था, 'स्वच्छ'. वर्गात हे सांगताना मला दर वेळी भरून येतं, आणि मागच्या बाकावरचा एकजण दर वेळी जांभई देतो. तुझी आठवण येते.

आम्ही गेलो ती वस्तीही वेचकांचीच. विद्यापीठाचं संमतिपत्र दोन पानी. एका मावशीनं दोन तास मनमोकळ्या गप्पा मारल्या, चहा पाजला, सुनेच्या कागाळ्या सांगितल्या. अंगठ्याची वेळ आली तशी हात पदराखाली. "बोलते की तुझ्याशी, आणि अंगठा कशाला? कागदावर अंगठा दिला की काहीतरी जातंच घरातलं." आमची पोरगी रडकुंडीला! संमती समोर पाय पसरून बसलेली, पण फाइलला लावायला कागद नाही.

रांगोळीचा नकाशा बायकांनीच काढला. नळ, संडास, माल निवडायची जागा. देऊळ विसरलं, ते मागाहून कोपऱ्यात कोंबलं. भंगारवाल्याचं दुकान मात्र नळाच्या तिप्पट! आमचा विषय होता आरोग्य. त्यांचा होता काटा. "तो काटा मारतो. किती मारतो, ते काढा की शोधून." झालं. पोरांनी ताणकाटा आणला आणि पुठ्ठ्याचं एकच पोतं तीन दुकानांत फिरवलं. तीन दुकानं, तीन वजनं. जांभईवाला तर पोतं डोक्यावर घेऊन सगळ्यांत पुढं. प्रश्नावलीचं काय झालं विचारशील, तर तिच्या कोऱ्या बाजूवर मावशीचा नातू चित्रं काढतोय.

पण गंमत पुढेच आहे. अहवाल द्यायची तारीख दिवाळीच्या तोंडावर, आणि घरोघरची साफसफाई म्हणजे या बायकांचा भर हंगाम. लिहिलेलं आधी त्यांना वाचून दाखवायचं असं मीच ठरवलेलं, पण वस्तीत दिवसा चिटपाखरू नाही. "दिवाळी झाल्यावर या," म्हणाल्या. मी मुदतवाढीचा अर्ज केला, त्यात कारण लिहिलं 'भंगाराचा हंगाम'. वरून फोन आला, "मॅडम, हे नक्की काय आहे?" मीही तेच विचारत असते गं, रात्री जागी असले की. गुण पोरांना मी देणार, चाळीसपैकी. मावशीला कोण देणार, आणि कशाचे?

बरं, एक कबुली. परवा खोट्या माहितीवर तास घेताना तोंडातून निसटलं, की एमएला असताना दोन मुलींनी शेवटचे अकरा फॉर्म एसटी स्टँडवर भजी खात स्वतःच भरले होते. एका फॉर्मवरच्या म्हशींची संख्या तर तूच सुचवलीस, आठवतंय? वर्ग एकदम गप्प. मग जांभईवाल्यानं हात वर केला, "मॅडम, दुसरी मुलगी कोण?"

नाव नाही सांगितलं. बर्फात राहते, एवढंच म्हटलं.

तुझीच,
मी