चारपौंडी गृहस्थ

अमेरिकेतल्या मराठी घराचा फ्रीज उघडला की मागच्या बाजूला, कोथिंबिरीच्या जुडीच्या आडोशाला, हे गृहस्थ बसलेले दिसतात. अंगाने चौकोनी, स्वभावाने थंड, वजन चार पौंड. एकत्र बांधलेली चार खोकी, दर खोक्यात चार कांड्या, दर कांडी ११३ ग्रॅमची. सोळा कांड्या मिळून एक किलो आठशे ग्रॅम सहज भरतात. कांडीच्या कागदावर चमच्या-चमच्याच्या खुणा छापलेल्या असतात. आठ मोठे चमचे म्हणजे एक कांडी. केक करणाऱ्यांना त्या उपयोगी. मराठी घरात त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, कारण इथे सोळाच्या सोळा कागद एका बैठकीत सोलले जातात आणि गृहस्थ सहकुटुंब पातेल्यात उतरतात.

पूर्ण नाव किर्कलंड सिग्नेचर अनसॉल्टेड बटर. मुक्काम पोस्ट कॉस्टको.

घराणं फार जुनं नाही, पण नाव कमावलेलं आहे. मूळ पुरुष सोल प्राइस. त्यांनी १९७६ साली सॅन डिएगोमध्ये विमानांच्या एका जुन्या हँगरमध्ये ‘प्राइस क्लब’ काढला आणि दुकानात शिरण्यासाठीच वर्गणी घ्यायची पद्धत रुजवली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले जिम सिनेगल यांनी जेफ ब्रॉटमन यांच्याबरोबर १९८३ साली सिएटलमध्ये कॉस्टकोचं पहिलं गोदाम उघडलं. दहा वर्षांनी दोन्ही घरं एक झाली. १९९५ साली घरचा छाप काढायची वेळ आली तेव्हा कंपनीचं मुख्यालय सिएटलजवळच्या किर्कलंड गावात होतं, म्हणून गावाचंच नाव लावलं. पुढे लवकरच बिऱ्हाड इसाक्वाला हललं, नाव मात्र तिथलंच राहिलं. पुण्यात तीन पिढ्या काढलेले सातारकर जसे सातारकरच राहतात, तसे हे किर्कलंडकर.

त्यांच्या दारात पाऊल टाकायचं तर आधी पैसे मोजावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून साधी वर्गणी वर्षाला ६५ डॉलर आणि वरच्या वर्गाची १३०. दारात कार्ड दाखवायचं. त्यावरचा काळा-पांढरा फोटो सहसा कुणाचाच नीट आलेला नसतो. बाहेर पडताना दारातला माणूस पावती आणि ढकलगाडी ताडून बघतो, मार्करने एक रेघ ओढतो आणि बरोबर लहान मूल असेल तर पावतीच्या मागे हसरा चेहरा काढून देतो. भारतातून नव्याने आलेल्या माणसाला हे सगळं खटकतं. दुकानदाराला पैसे द्यायला जायचं, तर त्यासाठी आधी आणखी पैसे? वर जाताना झडती?

पण हिशोबाला बसलं की दुकानाची चाल कळते. नावाजलेल्या कंपन्यांच्या मालावर १४ टक्के आणि स्वतःच्या छापावर १५ टक्के, याहून जास्त चढवायचं नाही, हा घराण्याचा दंडक. मोठ्या सुपरमार्केटात तीस हजारांच्या वर जिनसा असतात. इथे जेमतेम चार हजार. केचपच्या पंधरा तऱ्हा मांडून गिऱ्हाइकाला बुचकळ्यात टाकायचं नाही. एखाददुसरीच ठेवायची, पण ती अशा प्रमाणात घ्यायची की कारखानदार भाव खाली आणतो. माल लाकडी पॅलेटवर येतो आणि पॅलेटवरच विकला जातो. पिशवी मिळत नाही, हवी तर रिकामी खोकी घेऊन जा. मग दुकान खातं काय? मुख्यतः वर्गणी. २०२४ च्या आर्थिक वर्षात नुसत्या वर्गणीतून ४.८ अब्ज डॉलर जमले.

आपल्या बाजूचा हिशोबही करून ठेवावा. ६५ डॉलर म्हणजे आठवड्याला सव्वा डॉलर. हा सव्वा डॉलर तांदूळ, तेल, दूध, बटर यांच्यातच निघाला पाहिजे. मोठा टीव्ही स्वस्तात मिळाला म्हणून वर्गणी वसूल झाली असं म्हणणं ही मनाची समजूत; टीव्ही काही दर आठवड्याला लागत नाही. वरच्या वर्गाला खरेदीवर दोन टक्के परत मिळतात. म्हणजे जास्तीचे ६५ डॉलर फिटायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी व्हायला हवी. ज्या घरात तेवढी होत नाही त्याने १३० च्या वाटेला जाऊ नये.

किर्कलंडकरांची गाठ मात्र सहजासहजी पडत नाही. रोज लागणाऱ्या वस्तू मागच्या भिंतीशी ठेवायच्या आणि तिथपर्यंतची वाट मोहाने भरायची, हे या दुकानाचं शास्त्र. कुठल्या रांगेत काय आहे हे सांगणाऱ्या पाट्या नाहीत. टीव्ही ओलांडा, दागिन्यांची काचेची पेटी ओलांडा, लोकरीचे मोजे, तंबू, कयाक, सगळं ओलांडा. चार पौंड बटरसाठी गेलेला माणूस वाटेत बागेतलं टेबल घेऊन परत आल्याची उदाहरणं प्रत्येक महाराष्ट्र मंडळात ऐकायला मिळतात. गृहस्थांचा यात काही दोष नाही. ते दूध-अंड्यांच्या शेजारी गारठ्यात गुमान बसलेले असतात. त्यांची जाहिरात नाही, चव घ्यायला कुणी छोट्या कपात देत नाही.

शेजार बघण्याजोगा आहे. वीस पौंडी बासमती हा त्यांचा जुना दोस्त. तो चेन आणि धरायला पट्टे असलेल्या पिशवीत येतो. तांदूळ संपतो आणि पिशवी पुढे दोन वर्षं भाजी आणायला उपयोगी पडते. जुना झाला तर बिघडण्याऐवजी भात जास्त मोकळा होतो, म्हणून त्याच्याबद्दल घरात कुणाची तक्रार नसते. तीन पौंडी बदाम हा दुसरा. जगातला बहुतेक बदाम कॅलिफोर्नियात पिकतो, त्यामुळे तो इथे स्थानिकच. त्याला प्रवासाची मोठी हौस. भारतात निघालेल्या बॅगेत कपड्यांच्या आधी त्याची पाकिटं भरली जातात आणि काकू, मावशी, शेजारचे नाना यांच्याकडे वाटली जातात. किर्कलंडकरांना ते सुख नाही. ते ज्या घरी जातात त्याच घरी संपतात. तूरडाळ, पोहे, गूळ आणि हिंग यांचा या वस्तीत सहसा पत्ता नसतो. त्यांच्यासाठी न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर किंवा आपापल्या गावच्या देशी दुकानात वेगळी फेरी मारावी लागते.

शेजारात काही घरबुडवेही आहेत. बेबी पालकाचा भला मोठा डबा सोमवारी तजेलदार असतो, गुरुवारी घामेजतो आणि रविवारी कचऱ्यात जातो. डझनभर क्रोसाँ दोघांच्या संसारात शिळे होईपर्यंत संपत नाहीत. मिरपुडीची बरणी चार माणसांच्या घरात इतकी वर्षं चालते, की झाकण उघडल्यावर शिंकसुद्धा येईनाशी होते. पौंडामागे हे सगळे स्वस्तच. पण फेकलेल्या पालकाचा भाव पाटीवर लिहिलेला नसतो.

किर्कलंडकरांचं थोरपण कळतं ते शेगडीवर. पातेलं जाड बुडाचं लागतं, आच मध्यम. आधी ते नुसते पसरतात. मग वर पांढरा फेस धरतो आणि तडतड सुरू होते. हा आवाज पाण्याचा. अमेरिकेत १९२३ पासून कायदा आहे की बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश हवा. उरलेल्यात बहुतांश पाणी आणि थोडेसे दुधाचे घन कण. पातेल्यात पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या फारसं वर चढत नाही, त्यामुळे तोवर बाजूला पोळ्यांची कणीक मळून घेता येते. तडतड मंदावली की मात्र हात धुऊन ओट्यापाशी यायचं. पाणी उडालं की सगळी आच तुपाला आणि तळाच्या कणांना लागते, आणि सोनेरी ते करपट हा पल्ला दोन-चार मिनिटांत गाठला जातो. बारीक फेसाचा दुसरा थर वर येतो. तो चमच्याने बाजूला सारला की स्वच्छ तुपातून तळ दिसतो. तळाशी बेरी बदामी झाली की आच बंद. कुणी या वेळी तुळशीची दोन पानं टाकतं, कुणी विड्याचं पान. मग गाळणी, मग कोरडी बरणी. सोळा कांड्यांतून दीड लिटरच्या आसपास तूप निघतं.

या कामाला अनसॉल्टेडच लागतं. मीठवाला भाऊ शेजारीच बसलेला असतो आणि घाईत तोच हाताला लागतो. तूप त्याचंही होतं. पण मीठ तुपात विरघळत नाही, ते सगळं बेरीत उतरतं. मग बेरीवर साखर घालून खायला टपलेल्या पोरांची तोंडं बघण्यासारखी होतात.

गृहस्थांची खरी परीक्षा घेतात त्या सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या सासूबाई. कांड्यांचा ढीग बघून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

“अगं, एवढं लोणी! विरजण कधी लावलंस?”

“विरजण नाही हो आई, विकतचंच आहे.”

भुवई वर जाते, पण त्या काही बोलत नाहीत. तूप गार झाल्यावर चमचाभर उचलतात, उजेडात धरतात, बोटावर चोळतात. “रवाळ आहे. रंगही बरा आहे. पण वास नुसताच गोडसर. आपल्या तुपाचा नाही.”

निकाल बरोबर आहे. अमेरिकी बटर बहुधा ताज्या, न आंबवलेल्या सायीपासून थेट घुसळलेलं असतं. आपल्याकडे सायीला विरजण लागतं, मग ताक घुसळलं जातं, मग लोणी आणि मग कढवणं. तो किंचित आंबूस, भरलेला वास त्या विरजणाचा. त्यावर उपाय त्याच गारठ्यात शेजारी ठेवलेला आहे. अर्ध्या गॅलनचा हेवी व्हिपिंग क्रीमचा डबा आणायचा, कोमट करून चमचाभर दही लावायचं, रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी मिक्सरमध्ये घुसळायचं. लोणी वर येतं आणि खाली ताक उरतं. त्या ताकाची कढी झाली की सासूबाईंचं समाधान होतं. पण दोघंही नोकरी करणाऱ्या घरात दर खेपेला हे जमत नाही. मग वाटणी ठरते: सत्यनारायणाच्या प्रसादाला विरजणाचं, रोजच्या वरण-भाताला किर्कलंडकर. मंडळाच्या गणपतीत दोनशे माणसांचा शिरा असतो तेव्हा तर वासाचा मुद्दा कुणी काढतच नाही. तिथे चार-चार पौंडांची अख्खी पलटण उतरते.

इतक्या सरळ माणसावरही एकदा बालंट आलं. २०२४ च्या ऑक्टोबरात या नावाचं सुमारे ८० हजार पौंड बटर परत बोलावलं गेलं. भेसळ नव्हती, जंतू नव्हते. वेष्टनावर घटकांच्या यादीत साय लिहिलेली होती, पण ‘यात दूध आहे’ ही वेगळी सूचना छापायची राहून गेली होती. दुधाची ॲलर्जी असलेल्यांच्या जिवाचा प्रश्न असतो, नियम योग्यच. तरी लोण्यात दूध आहे हे लोण्याने लिहून दिलं नाही म्हणून लोण्याला माघारी जावं लागलं, हे ऐकून हसू आवरत नाही.

आपल्या आज्यांना घाऊक खरेदी नवी नव्हती. उन्हाळ्यात वर्षाचे गहू, तांदूळ, डाळी, तिखट भरून ठेवायची रीत होती. गव्हाला ऊन द्यायचं, तांदळाला एरंडेल चोळायचं, कोठीत कडुलिंबाचा पाला घालायचा. हंगामात स्वस्त भावाने माल घेणं हे निम्मं काम होतं. तो वर्षभर किडीपासून आणि ओलीपासून राखणं हे उरलेलं निम्मं. दोन्ही मिळून बेगमी होत असे. कॉस्टको पहिलं निम्मं झकास करून देतं आणि दुसरं निम्मं मुकाट्याने गिऱ्हाइकाच्या फ्रीजवर ढकलतं. तिथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो.

किर्कलंडकर यात सरस ठरतात, कारण त्यांची बेगमी एका तासात होते. बटर म्हणून ते फ्रीजवर अवलंबून असतात. पाणी उडालं, घन कण गाळले, की जंतूंना जगायला काही उरत नाही आणि तेच तूप होऊन ओट्यावरच्या बरणीत आठवडेच्या आठवडे राहतात. अट एकच, चमचा कोरडा हवा. कढवायला सवड नसेल तर खोकी फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने वाट बघतात. आणि ज्या घरात रोज वरण-भात आहे, पोळी आहे, अधूनमधून शिरा आणि दिवाळीला बेसनाचे लाडू आहेत, तिथे ते उरायचा प्रश्नच येत नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला गाडी ढकलताना पाटीवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. खाली बारीक अक्षरात पौंडामागचा भाव असतो, तो नेहमीच्या दुकानाशी ताडून बघा. मग स्वतःला दोन प्रश्न विचारा: हे आपल्याकडे संपेल का, आणि संपेपर्यंत टिकेल का? दोन्हींना हो म्हणता आलं तरच उचला. एकाला जरी नाही आलं, तर शेजारणीबरोबर निम्मं-निम्मं वाटून घ्या किंवा सरळ पुढे चला. आणि पहिल्यांदाच जात असाल तर वाटेत कुठे न थांबता बासमती, बदाम आणि हे चारपौंडी गृहस्थ एवढेच घेऊन परत या. संसाराच्या सुरुवातीला तेवढी मंडळी पुरे आहेत.