परड्यातली खोली

खिडकी झाकायची, एवढंच ठरलं होतं.

पलूस तालुक्यात आमचं घर. मागे परडं आणि परड्याच्या टोकाला दहा बाय बाराची खोली. दगडमातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पश्चिमेला दोन फूट रुंद, तीन फूट उंच खिडकी. लाकडी चौकट, पाच गज. एक झडप वाळवीने खाल्ली, दुसरी कधीतरी चुलीत गेली. मृगापासून वावझड सरळ आत यायची आणि उंदीर बारा महिने.

खिडकीपर्यंत पोचायला आधी खोली रिकामी करावी लागली. वैशाखातले दोन दिवस त्यात गेले. आई लिंबाखाली बाजेवर बसून होती. मी एकेक वस्तू दारातून बाहेर आणायचो, ती नाव सांगायची. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. एकाही नावाला अडली नाही.

जातं. उचलेना म्हणून गडगडत आणलं. खुंटा शाबूत. आईने दोन्ही दगडांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "टाकी लावायला झालीय." गिरणी आल्याला पन्नासेक वर्षं झाली असतील, पण तिच्या लेखी ते काम अजून राहिलेलंच होतं. दळून दळून दगड गुळगुळीत होतो, मग पीठ भरड पडतं. तेव्हा छिन्नीने त्याला बारीक खाचा पाडून घ्यायच्या. त्यासाठी बाया यायच्या, गल्लीतून लांब हेल काढून ओरडत जायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. फार मोठं काम झालं ते, ओव्या वाचल्या. दगडाला टाकी लावणारा हात मात्र आमच्या बाजारात मला कुणी दाखवू शकला नाही.

चाडं. लाकडाचा वाडगा, तळाला तीन भोकं. तिफणीवर हे बसवायचं, भोकांना नळ्या जोडायच्या आणि मागून चालत मुठीतून बी सोडायचं. तिन्ही भोकांत सारखं पडायला हवं. चाड्यावर मूठ धरणं हे बाईचं काम आणि गावात सगळ्यांना ते यायचं नाही. आईला यायचं. चाडं हातात दिलं तेव्हा तिची मूठ आपोआप त्याच्यावर गेली आणि अंगठा तर्जनीवर सरकायला लागला. काही नव्हतं मुठीत.

दोराचा तुकडा. मी नाडा म्हणालो. "नाडा जाड आस्तोय. ह्यो सोंदूर," आई म्हणाली. मोटेला दोन दोर: नाडा वरच्या चाकावरून, सोंदूर खालच्या रुळावरून. सोंदूर मोटेच्या सोंडेला बांधलेला. मोट वर आली की सोंड थारोळ्यात रिकामी व्हायची. बैल धावेवरून उतरायचे, पुन्हा मागे सरायचे. हा सोंदूर केकताडाचा. पानं कुजवून, झोडपून वाख काढायचा आणि वळायचा. तुकडा हातभर आहे, अजून ओढून तुटत नाही. मोट मात्र आमच्या घरी उरली नव्हती. चामडं तेवढं टिकत नाही. किर्लोस्करवाडी इथून जवळच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळावर वसवली. तिथे आधी नांगर झाले, मग पंप. आमच्या विहिरीवर मोटेच्या जागी बसला तो पंप तिथलाच. चांगलंच झालं. धावेवर चालणाऱ्या बैलांचे खांदे मी लहानपणी पाहिलेत.

कणगी. बुरडाने विणलेली, आतून-बाहेरून शेणाने लिंपलेली. बूड उंदरांनी कुरतडलेलं. बाकी ठीक.

शिंकं, रवी, काच नसलेला कंदील, सुतळीत ओवलेली दोन दाभणं.

पायली, शेर, मापटं, चिपटं. चारही लोखंडी, चारही गंजलेली. वजनमापांचा नवा कायदा १९५६ सालचा. १९६२ पर्यंत किलो-लिटर सक्तीचे झाले. तरी खळ्यावर ज्वारी पुढची कित्येक वर्षं पायलीनेच मोजली गेली. आईने कोष्टक म्हणून दाखवलं: २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली. पुढे मण आणि खंडी. मला शेरापुढे कधीच पाठ नव्हतं. ही मापं दुकानात तागडीत घालायची नव्हेत. मापट्यात भरतं ते धान्य, आणि धान्य भरताना आई माप काठोकाठ करून वर आणखी एक मूठ टाकायची. ती मूठ कोष्टकात नाही.

खोली रिकामी झाल्यावर भिंती दिसल्या. मागे एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून खालचा तीन फूट भाग सिमेंटने गिलावा करून घेतला होता. हात लावला आणि पानभर पोपडा खाली आला. मागची माती ओली होती. दगडमातीच्या भिंतीत जमिनीतली ओल वर चढते आणि मातीच्या अंगातून वाळून जाते. सिमेंटने तिची वाट बंद होते. ओल आत साठते, माती फुगते, सिमेंट सुटतं. गवंडी म्हणाला, पुन्हा सिमेंटच करू, जरा जाड. मी नको म्हणालो. पैसे वाचवायचे होते हे खरं. पण ती भिंत इतकी वर्षं ज्याच्यावर उभी होती तेच तिला द्यावं, असंही मनातून वाटत होतं.

पांढरी माती मिळाली. गावठाणात एक जुनं घर पाडत होते. पाडलेल्या घराची माती उचलून न्यायला कुणी पैसे घेत नाही, उलट नेल्याबद्दल बरं म्हणतात. परड्यात खड्डा केला. माती, गव्हाचा भुसा, शेण. रोज संध्याकाळी पाणी घालून पायाने तुडवायचं. आठ दिवस. चौथ्या दिवशी वास येतो, तेव्हा ते बिघडलंय असं समजून टाकून द्यायचं नाही. भुसा कुजून चिकट होतोय त्याचा तो वास. आठव्या दिवशी चिखल लोण्यासारखा झाला. पहिला हात वाळला की तडे पडतात, पडू द्यायचे. दुसरा हात पातळ, तड्यांत बसणारा. तिसऱ्याची गरज लागली नाही.

मग चुना. दुकानात चुन्याची कळी मागितली तर मुलाने पांढऱ्या डिस्टेंपरची पिशवी पुढे केली. मागून म्हातारे मालक उठले आणि आतून पोतं काढून दिलं. कळी लोखंडी पिंपात विरवायची. प्लास्टिकच्या बादलीत नको. पाणी पडताच ती उकळायला लागते, फसफसते, पिंपाला हात लावता येत नाही. लांब उभं राहायचं, डोळे जपायचे. रात्रभर मुरू द्यायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा. अंगाला लागू नये म्हणून त्यात भिजवलेला डिंक, पिवळेपणा जायला चिमूटभर नीळ. ब्रश होता घरात. पण आईने केकताडाचं मूळ आणायला लावलं, त्याचं टोक दगडाने ठेचून कुंचा केला. मातीच्या भिंतीवर ब्रश घसरतो. कुंचा चुना दाबून बसवतो. दोन हात दिले. ओला असताना चुना राखाडी दिसतो आणि मनात येतं की सगळं फुकट गेलं. दुपारनंतर भिंत आतून उजाडल्यासारखी पांढरी होत गेली.

जमिनीला मुरूम टाकला, धुम्मस कुणाकडेही नव्हता म्हणून लाकडाच्या ओंडक्याला दांडा ठोकून चोपला. वर सारवण. चौकटीच्या लाकडाला इंजिनातलं जळकं ऑइल. वाळवीवर ते आमच्याकडे सगळेच लावतात. वास महिनाभर राहतो.

आणि खिडकी.

बाहेरून अर्ध्या इंचाची जाळी ठोकली, उंदरांचा प्रश्न मिटला. वर पत्र्याची वीतभर छपरी. आतून काय लावायचं? या भागात हिरव्या शेडनेटला तोटा नाही. बेदाण्याच्या रॅकांवरून उतरवलेलं जुनं शेडनेट मित्राने नुसतं न्या म्हणून दिलं. लावलं. खोलीभर हिरवा उजेड पडला आणि दोन दिवस राबून केलेला चुना शेवाळल्यासारखा दिसायला लागला. आई आत येऊन उभी राहिली, काही बोलली नाही, परत गेली. मी ते काढलं.

संध्याकाळी तिने पेटीतून वाकळ काढली. वापरातून गेलेली, एक कोपरा फाटलेला. वरचा पदर एका इरकली लुगड्याचा, मूळचा गर्द जांभळा, आता वांग्याच्या सालीसारखा विटलेला. आत धोतराचे तुकडे. सगळा धावदोरा, बोटाच्या पेराएवढं अंतर ठेवून, कडेपासून आत आत चौकोन लहान होत गेलेला. कडेचे टाके सारखे. मध्यावर आल्यावर ते मोठे आणि वाकडे झालेत. तिथे तिने बोट ठेवलं. "हितं तुझी आजी शिवाय बसलीती. डोळं गेलं व्हतं तिचं." कुणाच्या हातचे टाके कुठे सुरू झाले, हे तिला बोटानेच कळत होतं. हल्ली वाकळा शिवून देणारे आहेत, मशीनवर. सरळ रेषेत येतात.

दाभणात सुतळी मी ओवून दिली, तेवढं तिला दिसत नाही. वरची कड दुमडून तिने कळकाच्या काठीवर शिवली. फाटका कोपराही सांधला. चौकटीत दोन खिळे, खिळ्यांवर काठी. दुपारचं ऊन वाकळीमागे थांबलं. कडेने तेवढी तांबूस रेघ.

पण खोलीत अंधार झाला. वीज परड्यापर्यंत ओढायची तर वायर, पाइप, मजुरी, आणि मी खर्चाची ठरवलेली रक्कम जवळपास संपली होती. ज्या पाडलेल्या घराची माती आणली होती तिथेच काचेचं कौल होतं. एकच, मंगलोरी मापाचं, एका कोपऱ्याला टवका उडालेला. पूर्वी प्रत्येक माजघरावर एक तरी असायचं. नव्या स्लॅबच्या घरांत त्याचं काय करणार? बदल्यात मी फुटकी नसलेली सहा मातीची कौलं देऊ केली. नको म्हणाले, ती तरी कुठे लावू. वर चढून एक कौल काढलं, हे बसवलं. खाली उतरून पाहिलं तर सारवलेल्या जमिनीवर वीतभर कवडसा पडला होता, पाण्याखाली हलल्यासारखा. काच ओतीव, जाड, आत बुडबुडे. त्या बुडबुड्यांची सावलीही जमिनीवर येते.

वस्तू परत आत ठेवल्या. कणगी बाहेरच राहिली. बूड विणून देणारं कुणी मिळालं तर बघू. जातं दाराशी. चाडं खुंटीला. आईने नावं सांगत सांगत जागा दाखवल्या आणि मी तिच्या शेजारी उभं राहून ती वहीत लिहून घेतली. सोंदूर लिहिताना ऱ्हस्व की दीर्घ असं अडलो.

ज्येष्ठात पहिला वळीव आला, रात्री, वाऱ्यासकट. बॅटरी घेऊन परड्यात गेलो. वाकळ कोरडी होती. चौकट कोरडी. काचेच्या कौलाच्या उडालेल्या टवक्यातून मात्र थेंब पडत होता, सावकाश, एकाच जागी. सारवण उकरलं जाईल म्हणून हाताला आला तो शेर उचलून खाली ठेवला. लोखंडावर थेंबाचा आवाज झाला. थोड्या वेळाने तो बदलला, पाण्यावर पडल्याचा झाला.

सकाळी आईने शेर उचलून उजेडात धरला, आत पाहिलं.

"चिपटंभर," म्हणाली आणि पाणी तुळशीला घातलं.