मुंबई दोन धावांनी हरली होती, आपली पोरं दोन मार्कांनी राहतात

मित्रांनो, आज एक जुनी मॅच सांगतो. पण शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्याच गावचा आहे.

मे 1991. वानखेडेवर रणजी करंडकाची फायनल. इकडं संजय मांजरेकरची मुंबई, तिकडं कपिल देवचा हरियाणा. मुंबईकडं वेंगसरकर, कांबळी, 18 वर्षांचा सचिन. शेवटच्या डावात मुंबईला 355 धावा पाहिजे होत्या आणि 34 वर तीन गडी गेले. तिथून वेंगसरकर आणि सचिननं मॅच ओढून आणली. सचिन 96 वर गेला. 305 वर नववा गडी पडला, तेव्हा अजून 50 धावा हव्या होत्या.

शेवटचा गडी अ‍ॅबी कुरुविला. काम बॉलिंगचं, पण एका बाजूनं तो उभा राहिला आणि वेंगसरकर मारत सुटला. 47 धावा झाल्या. फक्त तीन राहिल्या आणि कुरुविला रनआऊट. हरियाणा दोन धावांनी जिंकला. वेंगसरकर नाबाद 139. शंभरावर कसोट्या खेळलेला माणूस मैदानातच रडला.

आजही ही मॅच निघाली की लोक त्या रनआऊटवरच येतात. आता स्कोअरबोर्ड नीट बघा. हरियाणाच्या पहिल्या डावात 522. त्यात एकट्या दीपक शर्माच्या 199. मुंबईच्या 410. म्हणजे 112 धावांचा खड्डा पहिल्याच डावात पडला होता. तो भरत भरत मुंबई दोनवर आली. कुरुविला टिकला नसता तर दोननं नाही, चांगली 49 धावांनी हरली असती. पण नाव कुणाचं निघतं? शेवटी आऊट झालेल्याचं.

आता गावात या. पोलीस भरतीचा निकाल लागला की आपल्याकडं दरवेळी तेच ऐकू येतं. "एका मार्कानं गेलं", "दोन मार्कांनी हुकलं". मग घरात, पारावर, चहाच्या टपरीवर पंचनामा सुरू. 1600 मीटरला शेवटच्या राउंडला दमलाच कसा? गोळा अजून वीतभर लांब का नाही गेला? पेपरात ते सोपं गणित कसं चुकलं? लेकरू खाली मान घालून ऐकतं. त्याच्या डोक्यात रात्रंदिवस तेच दोन मार्क.

पण त्याचा पहिला डाव कुणी बघितला का? शहरातलं पोरगं 400 मीटरच्या ट्रॅकवर चार राउंड मारून वेळ मोजतं. आपलं पोरगं पहाटे डांबरी रोडवर, ट्रकच्या लाइटात पळतं. पायाच्या नळ्या दुखतात, पावसाळ्यात सराव बंद. दिवसा शेतातलं काम, संध्याकाळी अभ्यास. इतकी पिछाडी भरून ते दोन मार्कांपर्यंत येतं. त्याला नालायक म्हणायचं का?

मैदान झालं म्हणजे सगळे भरती होतील असं मी म्हणत नाही. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. पण रोलर फिरवलेली जागा, चुन्यानं आखलेला ट्रॅक, दोन लाइट आणि गोळाफेकीला एक कोपरा, एवढं ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. नुसतं इथं "सहमत" लिहून जाऊ नका. सह्या घेऊन या, मी बातमी लावतो.

आणि बापांनो, मायांनो, निकालाच्या दिवशी पोराला जेवू घाला. तो कुरुविला पुढं 1997 मध्ये भारताकडून कसोटी खेळला. त्या रनआऊटवर त्याचं काही संपलं नव्हतं.