जात्याची घरघर

छापील पानावरील ओवी ही मूळ ओवीचा केवळ शब्दभाग असते, हे लोकसाहित्याच्या प्रत्येक अभ्यासकास तत्त्वतः मान्य असते. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मधील ओव्या वाचताना त्यांच्यामागचा दगडाचा नाद कितीजणांना ऐकू येतो, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. वैभववाडी तालुक्यात, करूळ घाटाच्या पायथ्याशी, एका पदव्युत्तर विद्यार्थ्याला त्याचे उत्तर अनपेक्षितपणे मिळाले.

नव्वदच्या दशकातील ती मे महिन्याची सुट्टी. लघुप्रबंधासाठी ओव्या हव्या म्हणून तो उसना टेपरेकॉर्डर घेऊन गावी आला आणि आजीला पडवीत बसवून त्याने यंत्र सुरू केले. दोन ओव्या झाल्या आणि आजी थांबली. “जात्याबिगर काय्येक आठवचा नाय रे. आधी मूठभर नाचणी हाड.” वाडीजवळ पिठाची गिरण आल्यापासून जाते कोपऱ्यात पडून होते. रिकामे फिरवले तर दगडावर दगड घासून टाकी झिजते, म्हणून नाचणीचा आग्रह. खुंट्याला हात लागला आणि ओव्या येऊ लागल्या. माहेर, भाऊ, मुंबईला गेलेला मुलगा. वैरण घालण्यापुरता स्वर थांबे, पुन्हा फेऱ्याबरोबर उचलला जाई. स्मरण हे मनात असते असे आपण म्हणतो. येथे ते मनगटात होते.

मग एका ओवीत एका मुलीचे नाव आले. वडिलांना एक बहीण होती आणि ती लहानपणीच गेली, हे नातवाला त्या क्षणी प्रथम कळले. घरात तिचा उल्लेख कोणी कधी केला नव्हता. आजी पुढच्या ओवीकडे वळली. हात थांबला नाही.

संध्याकाळी फीत ऐकवली तेव्हा स्वतःच्या आवाजाविषयी ती काहीच बोलली नाही. एके ठिकाणी मात्र म्हणाली, “थंय वैरण कमी पडली.”

लेखननिविष्ट करताना नातवाची अडचण निराळी होती. घरघरीखाली शब्द बुडत होते, आणि नाद तर लिहिताच येत नव्हता. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी ग्रामीण स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या. बर्नार बेल यांनी त्यांतील अनेक ध्वनिमुद्रित केल्या. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने २०१७ पासून हा ठेवा शब्दांबरोबरच आवाजासह प्रकाशात आणला. संकलनाचा न्याय्य मार्ग हाच होय. विषयवार वर्गीकरण त्यानंतर, सावकाश, करता येते.

या विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधात ओव्या विषयवार लावल्या आहेत. मुलीच्या नावाची ओवी त्यांत नाही. ती छापू नये, असे वडिलांनी सांगितले होते. फीत घरीच आहे. त्या ओवीचा दुसरा चरण घरघरीमुळे नीट लागत नाही.